फसलेल्याने तोंड का लपवावे?

गेल्या वर्षीच्या वैशाख वद्य एकादशीची गोष्ट. माण गावच्या देवळात कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी बुक्का लावून पायऱ्या उतरू लागली. आमच्या दिंडीतील एक वयोवृद्ध माळकरीण मात्र खांबाला टेकून बसून राहिल्या. आम्ही जवळ गेलो तेव्हा पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "महाराज, एक विचारू का? माणूस फसतो, ते कुठल्या जन्माच्या पापाचं फळ असतं वो?"

कीर्तनकाराजवळ अशा प्रश्नाचे उत्तर तयारच असते. संचित, प्रारब्ध, क्रियमाण असे तीन शब्द जिभेवर आलेही होते. पण बाईंची हकीकत ऐकली आणि ते शब्द घशातच राहिले.

हकीकत अशी. मोबाइलवर जाहिरात आली होती : पितळेची विठ्ठल-रखुमाईची जोडी, निम्म्या किमतीत, आजचा शेवटचा दिवस. बाईंनी नातवाकडून दोन हजार चारशे रुपये भरवले. मूर्ती आली नाही. म्हणून मोबाइलवरच शोधून एका नंबरावर फोन लावला. पलीकडचा मनुष्य मोठा गोड बोलला. "आजी, तुमचे पैसे आत्ताच परत पाठवतो," म्हणाला. एक ॲप घ्यायला लावले, पाच रुपये पाठवून खाते तपासायला लावले, आणि पाहता पाहता खात्यातले अठरा हजार गेले. हे सारे त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास घडले होते.

आम्ही विचारले, "माउली, पैसे भरण्याआधी कोणाला विचारायचे तरी!"

त्या म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात? दिंडीची नवी वीणा तुमी तिथूनच मागवली, असं तुमीच सांगितलं होतं न्हवं? मग मी कशाला इचार करू?"

वाचकहो, तेथे आम्ही खाली बसलो.

आता लपवाछपवी न करता सांगतो. दिंडीच्या जुन्या वीणेचा भोपळा तडकला होता. मिरजेच्या कारागिरांची म्हणून एक वीणा त्याच जाहिरातीत निम्म्या किमतीत दिसली. आम्ही साडेसात हजार भरले आणि मोठ्या ऐटीत चार जणांना सांगितले. वीणा आली नाही. आम्हीही तसाच नंबर शोधला, तसेच ॲप घेतले, तसाच पाच रुपयांचा पिन टाकला, आणि वारीसाठी दिंडीकऱ्यांनी आमच्या खात्यात भरलेल्या भिशीतले सेहेचाळीस हजार गेले. याला नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस आम्ही ते घरातसुद्धा बोललो नाही. जन्मभर जगाला विवेक सांगितला, तोच मनुष्य एका पोराच्या गोड बोलण्याला भुलला, हे कोणत्या तोंडाने सांगावे? ठेव मोडून भिशी भरून काढू, कोणाला कळणार नाही, असा आमचा बेत होता. कोणाला कळले नाही हे खरे. म्हणूनच ती बाई फसली.

तेव्हा बाईंच्या प्रश्नाचा विचार आम्हांला स्वतःला आरोपीच्या जागी उभे करूनच करावा लागला. फसणे हे पाप आहे काय?

आमच्या गुरुजींनी लहानपणी शिकवले होते की मनुष्याच्या वाणीत खोटेपणा शिरतो तो चार वाटांनी : भ्रम, प्रमाद, करणापाटव आणि विप्रलिप्सा. भ्रम म्हणजे एकाच्या जागी दुसरे दिसणे. प्रमाद म्हणजे गाफीलपणा. करणापाटव म्हणजे इंद्रियांचे दुबळेपण. साठीनंतर मोबाइलवरची बारीक अक्षरे न दिसणे हे त्यातच आले. आणि विप्रलिप्सा म्हणजे दुसऱ्याला फसविण्याची इच्छा. पहिले तीन दोष खरे, परंतु ते उणीवेचे दोष आहेत. त्यांत कोणाचे वाईट करण्याचा हेतू नाही. पाप म्हणावे असा दोष चौथाच, आणि तो फसविणाऱ्याच्या ठिकाणी असतो. फसलेल्याने आपला गाफीलपणा ओळखावा, सुधारावा. पण चोराचे पाप आपल्या डोक्यावर घेऊन फिरू नये.

मग भ्रम होतो कसा? वेदान्ताच्या पाठात दोन दृष्टान्त प्रत्येक विद्यार्थी घोकतो : शिंपल्यावर भासणारी चांदी आणि दोरीवर भासणारा साप. आम्हीही घोकले. पण दोन निरनिराळे दृष्टान्त का असावेत, हे साठी उलटल्यावर मोबाइलने शिकवले. चांदीचा भास होतो तो चांदी हवी असलेल्याला. वाळूत ऊन चमकते आणि मन पुढे धावते. सापाचा भास होतो तो भ्यालेल्याला. अंधार असतो आणि मन मागे पळते. एकाच्या मुळाशी लोभ, दुसऱ्याच्या मुळाशी भय. आजचे भामटे याच दोन वाटांनी घरात येतात.

शिंपल्याची वाट म्हणजे खरेदीची. वस्तू निम्म्या दरात, घड्याळाचे आकडे उलटे धावत आहेत, "शेवटचे दोन नग शिल्लक". संपूर्ण रक्कम आधी भरायची. माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय नाही. दुकानाचा पत्ता नाही, आहे तो केवळ एक व्हॉट्सॲपचा नंबर. कधी नामांकित दुकानाचेच नाव असते, पण त्याच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात एखादे अक्षर फिरवलेले असते. कधी न मागवलेले पार्सल दारात येते आणि "घरच्यांनी मागवलंय, पैसे द्या" असे सांगितले जाते. तीर्थयात्राही यातून सुटलेली नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरूंना जाहीर इशारा दिला होता की केदारनाथचे हेलिकॉप्टर, चारधामची निवासस्थाने यांच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून पैसे उकळले जात आहेत. भाविकाला दर्शनाची ओढ असते. ओढ शुद्ध असली म्हणजे शिंपला चांदीचा होत नाही.

दोरीची वाट म्हणजे धाकाची. "तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले", "तुमच्या आधार क्रमांकावर गुन्हा आहे", "आम्ही सीबीआयमधून बोलतो, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाला सांगू नका". याला ते डिजिटल अरेस्ट म्हणतात. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस लुधियानातील एका मोठ्या वस्त्रोद्योग समूहाच्या ८२ वर्षांच्या अध्यक्षांना असेच दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ७ कोटी रुपये काढून घेतले. त्यासाठी खोटे सर्वोच्च न्यायालय भरवले, आणि सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचे नाव धारण करून एक भामटा न्यायासनावरून बोलला. ज्यांचे घराणे आपल्या खेड तालुक्यातील कन्हेरसरचे, त्यांच्या नावाचा हा उपयोग! हजारो माणसांचा व्यवहार सांभाळणारा मनुष्य तेथे फसला. मग आपण कोण? लक्षात एवढेच ठेवावे की या देशाच्या कोणत्याही कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार नाही. अटक फोनवरून होत नाही, आणि खरा पोलीस चौकशीसाठी आपल्या खात्यातले पैसे "तपासायला" मागत नाही.

लोभ असो की भय असो, भास घालवण्याचा उपाय एकच : दिवा आणावा. दिवा आणायला थोडा वेळ लागतो, आणि भामटा तो वेळच देत नाही. त्याच्या साऱ्या बोलण्यात एक शब्द हटकून असतो, "आत्ताच". आणि दुसरा, "कोणाला सांगू नका". या दोन शब्दांपैकी एक जरी कानावर आला, तरी फोन ठेवावा आणि जवळच्या माणसाला हाक मारावी. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणात लोकांना थांबा, विचार करा, मग पाऊल उचला असेच सांगितले होते. आमच्या मते थांबणे हेच अर्धे काम आहे.

येथे शंका निघते. कोणी म्हणेल, "महाराज, वारकऱ्याने असा संशय धरावा काय? आम्ही तर अनोळखी माणसालाही माउली म्हणून त्याच्या पाया पडतो." शंका योग्य आहे. पण पाया पडणे वेगळे आणि पिन सांगणे वेगळे. आपल्या शास्त्रांनीही शब्द हे प्रमाण मानले, परंतु कोणाचाही शब्द नव्हे; आप्ताचा. आप्त म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगतो. पूर्वी पौडच्या किंवा हिंजवडीच्या दुकानदाराकडून टाळ घेतले तर तो मनुष्य पुढल्या आठवड्यातही त्याच ओट्यावर असे. ते तोंड, तो ओटा, ही त्याच्या शब्दाची साक्ष होती. मोबाइलवरच्या आवाजाला ना तोंड, ना ओटा. म्हणून तेथे साक्ष आपणच शोधली पाहिजे. तक्रारीचा नंबर शोधून सापडलेला घेऊ नये. त्या दुकानाच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा बँकेच्या कार्डामागे छापलेला घ्यावा. कोणी फोनवरून सांगितले म्हणून ॲप घेऊ नये. काही ॲपने आपल्या मोबाइलचा पडदा जसाच्या तसा त्याला दिसू लागतो. लग्नपत्रिका म्हणून आलेली अनोळखी फाइल उघडू नये. पत्रिका चित्राच्या रूपाने येते, ती मोबाइलमध्ये ॲप म्हणून बसवून घ्यावी लागत नाही. आणि हे तर मुलाबाळांकडून पाठ करून घ्यावे : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पैसे देण्यासाठीच लागतो. ज्याने "पैसे परत घ्यायला पिन टाका" म्हटले, त्याने आपली ओळख स्वतःच सांगितली.

श्रद्धा आणि भाबडेपणा यांत फरक आहे. श्रद्धा विचारलेला प्रश्न सोसते. भाबडेपणा प्रश्नालाच अपराध समजतो. आणि ज्याला आपल्या भक्तीचा कमीपणा वाटत असेल त्याने देहूकडे पाहावे. तुकोबारायांचे चरित्र सांगताना महिपतींनी भक्तलीलामृतात आख्यायिका दिली आहे : तुकोबा कोकणात मिरची विकावयास गेले, चार पैसे गाठीला आले, आणि परतीच्या वाटेवर एका ठकाने सोन्याचा मुलामा दिलेली पितळेची कडी खऱ्या सोन्याची म्हणून त्यांच्या गळ्यात मारली. तुकोबा फसले, एवढ्याने ते लहान झाले काय? महिपतींनी ती गोष्ट झाकली नाही, आणि साडेतीनशेहून अधिक वर्षांनी आपण ती उघड्या देवळात सांगतो. मग आमच्या साडेसात हजारांच्या वीणेची गोष्ट आम्ही नऊ दिवस का झाकली?

झाकली, कारण आम्हांला तुकोबांच्या साधेपणापेक्षा आमची अब्रू मोठी वाटली. हे त्या चार दोषांत बसत नाही. हा भ्रम नव्हे, कारण कळून चुकले होते. गाफीलपणाही नव्हे, कारण रात्रंदिवस तोच विचार होता. फसविण्याची इच्छाही नव्हती. पण आमच्या मौनाने फसविणाऱ्याचे काम केले. आमच्या नावाचे प्रमाणपत्र त्याच्या जाहिरातीवर आम्हीच चिकटवले होते, आणि ते खोटे आहे हे कळल्यावरही काढून घेतले नाही. म्हणून बाईंना आम्ही उत्तर दिले ते असे : "माउली, तुमचे पाप काही नाही. पाप त्या चोराचे, आणि त्याच्यामागे थोडे आमच्या गप्प बसण्याचे."

चोराविषयीही एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण ती आपल्या घराजवळची आहे. हा भामटा म्हणजे दूर कोठे अंधारात बसलेला राक्षस असे आपण समजतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा सातशेहून अधिक तरुण-तरुणी तेथे काम करताना सापडले. अमेरिकेतील लोकांना करवसुली अधिकारी म्हणून धमकावून पैसे उकळणे, हे त्यांचे काम होते. ती पगारावर जाणारी, डबा नेणारी मुले होती. माणच्या शिवारात आमच्या लहानपणी भात डोलत होता. आज तेथे आयटी पार्कचे इमले आहेत, आणि जमिनीचा पैसा घरोघर आला आहे. पैसा आला तशी त्याच्या वासावरची माणसेही आली. कोणी एखादा पोराला म्हणतो, "नुसतं तुझं खातं आणि सिमकार्ड महिनाभर दे, टक्केवारी घे." चोरीचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून पळतो, आणि पोलीस पहिल्याने त्या खातेदाराच्याच दारात येतात. आईबापांनी हे पोरांना सांगावे. "मी कोणाला फसवलं नाही, खातं दिलं फक्त," हे उत्तर कायद्यापुढे टिकणे कठीण आणि धर्मापुढे तर नाहीच.

आता फसल्यावर काय करावे ते सांगतो. त्या रात्री देवळाच्या पायरीवरच आमच्या एका तरुण टाळकऱ्याने १९३० हा नंबर लावला. आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीचा हा साऱ्या देशाचा नंबर आहे; सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार होते. तक्रार पोहोचली की पैसा ज्या ज्या खात्यात गेला असेल तेथे तो थोपवण्याचा संदेश बँकांना जातो. चोर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात घाईने हलवतो. म्हणून पहिले काही तास सोन्याचे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, त्या नंबराचे आणि जाहिरातीचे फोटो, एवढे हाताशी ठेवावे. लाजेने काहीही पुसून टाकू नये. आपल्या बँकेलाही लगेच कळवावे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तोटा ग्राहकावर नाही असे म्हटले होते. आणि पिन ग्राहकानेच दिला असला तरी कळवल्यानंतरचा तोटा त्याच्यावर नाही, असेही. म्हणजे कोणत्याही बाजूने पाहा, घड्याळ कळवण्यापाशीच येते.

पोलीस ठाण्यात "आमची हद्द नाही" असे उत्तर येईल ही भीती धरू नये. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात त्याची खबर देता येते. आपण तोंडाने चारसोवीस म्हणतो ते जुने कलम गेले. आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे, आणि लबाडीने दुसऱ्याचा पैसा काढून घेणाऱ्याला त्यात सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. खऱ्या दुकानाने वाईट माल पाठवला, परत घेतला नाही, तर ती गोष्ट निराळी. तिच्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक तक्रारीचा नंबर आहे.

तक्रारीने काय होते, असे विचारणाऱ्याला दोन उदाहरणे देतो. लुधियानाच्या त्या गृहस्थांनी तक्रार केली, तेव्हा ७ कोटींपैकी ५ कोटी २५ लाख पोलिसांनी परत मिळवले. आणि आपल्या पुण्यात ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी ९४ कोटी ४२ लाख रुपये नेले. १९०६ साली स्थापन झालेली ती जुनी बँक. अब्रूची भीती तिला नव्हती काय? तिने चतुःशृंगी पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. एवढी मोठी पेढी लोकांपुढे उभी राहून "आमची चोरी झाली" म्हणू शकते, तर आपण चार घरांच्या गावात तोंड का लपवावे?

बाईंच्या अठरा हजारांपैकी अकरा हजार एका खात्यात थोपले गेले. कागदपत्रे, न्यायालयाचा हुकूम असे करत काही महिन्यांनी त्यांना मिळाले. आमची तक्रारही त्याच रात्री नोंदवली. नऊ दिवसांत आमचा पैसा कोठल्या कोठे गेला होता. त्यातला एक रुपया हाती आला नाही. शास्त्राने जे समजावले नसते ते या दोन आकड्यांनी समजावले.

पुढच्या एकादशीला आम्ही कीर्तनात ही सारी हकीकत जशीच्या तशी सांगितली. भिशीचा हिशेब दिंडीपुढे मांडला. भरपाई ठेव मोडूनच केली, पण सांगून. वाटले होते, लोक हसतील. थोडे हसलेही. मात्र कीर्तन संपल्यावर तीन जण एकेकटे येऊन बाजूला उभे राहिले. त्यांतल्या एकाने दोन लाखांची गोष्ट बायकोलाही सांगितली नव्हती. "महाराज, तुमचं ऐकून जरा हलकं वाटलं," म्हणाला. त्याच्याबरोबर सकाळी आम्ही ठाण्यात गेलो. गेल्या वारीत वीणेकऱ्याच्या गळ्यात जुनीच वीणा होती, भोपळ्याच्या तड्याला सरस लावलेली.

भाविक वाचकांना एवढीच विनंती. आपल्या देवळात, हरिपाठाला मंडळी जमते त्या भिंतीवर, १९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. घरातील म्हाताऱ्या माणसाचे पैसे गेले तर "तुला एवढंही कळलं नाही का" हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढू नये. त्या एका वाक्याच्या भीतीने माणसे नऊ नऊ दिवस गप्प बसतात. आणि आपण स्वतः फसलो असू, तर पहिला फोन १९३० ला लावावा, आणि दुसरी हाक शेजाऱ्याला मारावी, म्हणजे तो तरी वाचेल.

राम कृष्ण हरि.